मागे पांढरा पडदा

कोपरखैरणे, सेक्टर सहा, गाळा नंबर अकरा.
आठ फोटो साठ रुपये, अर्जंट असेल तर ऐंशी.
माणसं नोकरीला लागायच्या आधी
मला दिसतात.

ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत, महाप्यात,
वाशीच्या सोन्याच्या शोरूममध्ये
ज्यांना उद्या अकराला बोलावलंय
ते आज रात्री पावणेदहाला येतात.
शटर अर्धं खाली असतं.
वाकून विचारतात, "दादा, होईल का?"

कोट माझ्याकडचा. एकच आहे, काळा,
पाठीमागे कपड्यांच्या चिमट्यांनी आवळलेला.
समोरून तो सगळ्यांना बरोबर बसतो.

"उजळ करा" असं कोणी तोंडानं म्हणत नाही.
म्हणतात, "जरा बघा ना."
मी बघतो.
मुरमांचे खड्डे जातात,
डोळ्यांखालची रात्रपाळी जाते,
एखाद्याच्या हनुवटीत त्याची आई असते
तीही थोडी जाते.

जाहिरातीत लिहिलेलं असतं :
व्यक्तिमत्त्व आकर्षक असावे.
चांगला ऐसपैस शब्द आहे, व्यक्तिमत्त्व,
त्याच्या आडोशाला कोणीही उभं राहू शकतं.

माझ्या वडलांकडे कोणी फोटो मागितला नव्हता.
जावळीतून आले, माथाडीत लागले.
मुकादमानं म्हणे खांदे चाचपले,
मान दाबून बघितली
बाजारात खोंड घेताना बघतात तशी,
आणि म्हणाला, "चालंल."
तोंडाकडे बघायला सवड कोणाला होती?
देखणा होता माझा बाप.
ते फक्त आईला ठाऊक.
तुर्भ्याच्या कांदा-बटाट्यात तीस वर्षं
गोण्यांनी मानेवर जो घट्टा केला
तो शेवटच्या अंघोळीलाही हाताला लागला.

गेल्या सोमवारी रंजिता मढवी आली.
घणसोली गाव, तळ्याजवळ.
डाव्या गालावर लहानपणचं भाजलेलं,
कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत.
फोटो निघाला, आणि माझा हात
हाताच्या सवयीनं त्या गालावर गेला.
निम्मा पुसून झाला होता.
ती काउंटरवर ओणवी झाली, म्हणाली,
"ते राहू द्या.
फोटो बघून बोलावतात,
मग मला बघून सांगतात, जागा भरली.
जायचं-यायचं रिक्षाभाडं फुकट."

मी एक बटण दाबलं. गाल परत आला.

जाताना तिनं काचेवरची पाटी वाचली :
काउंटरसाठी मुलगी पाहिजे. हिशोब यावा.
"ही जागा आहे अजून?"
माझ्या पुढ्यात कोणाचंतरी बिल होतं,
लॅमिनेशन, दोन झेरॉक्स, अर्जंटचे वीस.
मी कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत
तिनं उलट्या बाजूनं वाचून
बेरीज सांगून टाकली. बरोबर होती.

मी म्हणालो,
"बघतो. कळवतो."

तिनं आठांतला एक फोटो काढून ठेवला,
मागे नंबर लिहून.
तो ड्रॉवरमध्ये आहे, स्टेपलरच्या खाली.
आज शुक्रवार.

मी स्वतःला समजावतो :
इथं माणूस बरं दिसायला येतो,
त्याला दारातच कसं,
म्हणजे माझं काही नाही,
गिऱ्हाइकाचं बघावं लागतं.
हेच वाशीचा तो शेठही म्हणत असणार,
गिऱ्हाइकाचं.
आणि गिऱ्हाईक कोण,
तर रात्री पावणेदहाला माझ्या शटरखालून
वाकून आत येणारी पोरं.

आत्ता एक आलाय.
कोट चढवतो, चिमटे लावतो.
"मान सरळ. हनुवटी वर. इकडे बघ,"
म्हणून बोट दाखवतो
ते भिंतीवरच्या वडलांकडे.
चंदनाच्या हारात, मोठ्या फ्रेममध्ये.
कार्डावरचा जुना फोटो होता,
मीच साफ केला, मीच वाढवला.
मान अगदी गुळगुळीत आहे.

कधी काढला मी तो घट्टा,
काही केल्या आठवत नाही.