उरलेला निळा

दिग्दर्शकाला तोच रंग हवाय,
त्याच्या फोनवर एका बोटात झालेला,
विटक्या फोटोसारखा.
फोटो हलत नाही, माझा समुद्र हलतो.
हर्णैच्या या खोलीत तीन दिवस
नोडला नोड जोडतोय.
उजेडात पिवळं आलं, चेहरे मऊ झाले,
सावल्या मात्र ठार काळ्या.

खाली कासम होडी रंगवतोय.
विचारलं, तुझा काळा असा थकलेला कसा?
"डब्यात निळा उरलेला.
धुवायचा कंटाळा,
ओतला त्यातच."

जिना चढून
निळ्याच्या कर्व्हचं खालचं टोक
चिमूटभर उचललं.
सावल्यांनी श्वास सोडला.

आणि लाइट गेली.
सेव्ह केलं होतं?
आठवेना.
खाली ब्रश चालूच,
खसर, खसर.