पंखा

सराफ बाजारातली माझी पहिली नोकरी
म्हणजे एक बटण.
विसपुते शेठ काचेच्या पेटीत सोनं ठेवायचे
आणि मान वर न करता म्हणायचे, पंखा.
मी बंद करायचो.
काटा तरीही थरथरायचा,
समोर बसलेल्या मुलीकडच्या मंडळींचा श्वाससुद्धा
त्याला वारा वाटायचा.
कुणी बोलायचं नाही,
शेठच्या टकलावर घाम जमेपर्यंत.

चांदीला पंखा चालू.
ती पलीकडच्या मोठ्या तराजूत,
ताट, तांब्या, अत्तरदाणी,
कुणाच्या पोराचे वाळे, कुणाचा करगोटा,
धडाधड.
वजन जरा इकडंतिकडं झालं तर शेठ म्हणायचे,
चांदी आहे, चालायचंच.

सोनं कंबरेखाली उतरत नाही,
लक्ष्मी रुसते.
ते गळ्यात, कानात, नाकात,
नाहीतर कपाटात, कपाटाच्या आतल्या चोरकप्प्यात,
नाहीतर पतपेढीत,
भावाच्या ऑपरेशनपायी अडकलेलं.
दसऱ्याला तर आपट्याचं पानही सोनं होऊन
मोठ्यांच्या हातात पडतं.
चांदीच्या नावानं कुणी पान तोडत नाही.

माझी उष्टावणाची वाटी चांदीची होती.
काठावर पहिल्या दाताची खूण आहे, आई सांगायची.
मोठेपणी नीट पाहिलं, तर पोचा.
खीर आवडली नाही म्हणून मी ती भिंतीवर मारलेली.
सोन्याची असती तर
माझ्या हातात दिली असती का कुणी?

एका वर्षी गंगेला पूर आला.
पाणी दुतोंड्या मारुतीच्या कंबरेला लागलं
तेव्हा सोनं हललं,
एकाच पिशवीत, शेठच्या पोटाशी, रिक्षानं कॉलेज रोडला.
गळ्याला लागलं तेव्हा चांदी.
आम्ही चौघांनी डोक्यावर गोण्या घेतल्या,
मांडीभर पाण्यातून, गटार कुठं आहे ते पायानं चाचपत.
एक गोणी राहिलीच.
तीन दिवसांनी गाळातून निघाली तेव्हा
गणपती कुठला, निरांजन कुठलं, ओळखू येईना,
सगळं काळं.
आठ दिवस रिठ्याच्या पाण्यात हात घालून बसलो.
चांदी उजळली. माझी बोटं महिनाभर सुरकुतलेली.
सोनं कोरडंच परत आलं.
त्याच्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं.

आता शेठ नाहीत. काट्याशी मी बसतो.
काटाही कुठं, आकडे आहेत, लाल.
परवा गिरणाऱ्याहून एक बाई आली.
रुमालाची गाठ दातानं सोडली.
आईची जोडवी.
बाप गेला तेव्हा काढली होती तिनं, म्हणाली,
मग हळदीच्या डब्यात पडून.
आई गेली तेव्हा तोंडात सोन्याचा मणी घातला,
राख सावडताना शोधला,
नाही मिळाला.
ही तेवढी आहेत.

खालून घासून घासून चपटी झालेली,
कड इतकी पातळ की बोटाला लागेल.
नवी केली तेव्हा किती होती?
दोन तोळे, आजा सांगायचा.
काट्यावर ठेवली. साडेअकरा ग्रॅम.
अर्ध्याच्या वर गेली कुठं, मी विचारलं,
विचारायचं म्हणून.
बाई हसली.
रस्त्यात.
गिरणारे ते नाशिक, पहाटे, डोक्यावर मेथीची पाटी,
गंगेवरच्या बाजारात, आणि परत.
एस.टी.चे पैसे वाचायचे.

चांदी आहे, चालायचंच.
शेठ हे वाक्य हजारदा बोलले असतील.
मी पहिल्यांदा ऐकलं.

उठलो आणि पंखा बंद केला.
आकडा आधीच स्थिर होता, तरी.
बाई पदरानं वारा घेत म्हणाली,
अहो भाऊ, उकडतंय किती,
चांदीच तर आहे.
आणि मोडायची की नाही ते अजून ठरत नसल्यासारखं
एक जोडवं उचलून
उगाच स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं.