अप्रकट उष्मा

शिरोलीत, शेड नंबर अकरा.
लेसरचा एक ठोका, अर्धा मिलिसेकंद.
दोन मिलिमीटरचा पत्रा,
आणि पलीकडे उजेड नाही.

माझ्या पडद्यावर मात्र तो केव्हाच आरपार.
चौकटींचं जाळं;
प्रत्येक चौकट शेजारणीला विचारते, तू किती तापलीस,
आणि त्यातलं थोडं आपल्याकडे ओढते.
तीन रात्री हिशोब चालला.
भोक येतं खोल, गुळगुळीत,
खोटं.

बाबालालचाचा चहा घेऊन आले.
उद्यमनगरात तीस वर्षं भट्टीवर, आता इथं गेटवर.
"लई घाईत वितळतंय की गं तुझं.
बीड असं लगेच पाणी हुत न्हाई.
आधी थांबतंय.
खालनं किती बी जाळ घाल, काटा तिथंच.
नवी पोरं म्हणायची, भट्टी बिघडली.
मी म्हणायचो, गप बसा,
ते आत सुटायलंय."

नववीच्या पुस्तकात होतं हे, दोन मार्कांना.
मीच ते पद गाळलं होतं
उत्तर लवकर जुळावं म्हणून.

परत घातलं.
वितळरेषा अडखळली, मंदावली.
वाफेनं दाबलेला द्रव कडेनं वर चढला,
काही उडाला,
काही भिंतीला थिजला सायीसारखा.

सूक्ष्मदर्शकाखालच्या भोकाशी ताडून पाहिलं:
अजून बारा टक्के चूक.

"बारा?" चाचा म्हणाले,
"मग आणि कायतरी ऱ्हायलंय,"
आणि रिकामा कप उचलून
हॉर्न देणाऱ्या ट्रककडे गेले.