किती हात कापड

दिवाडीच्या फेरीबोटीत इनास शिंपी सांगतो.
झांझिबारला तीस वर्षं कोटांना बाह्या लावल्या त्यानं,
तिथंच ऐकलेलं:
शिराझचा एक दासीपुत्र
गलबतं घेऊन किल्व्याला लागला,
नि अख्खं बेट विकत घेतलं
काठाभोवती पुरेल एवढ्या कापडात.

इनास थांबतो.
बोटात अजून अंगुस्तान.
"मला एवढंच कळत नाही,
माप घेतलं कधी?
भरतीला, की ओहोटीला?
ओहोटीत कंबर वाढते ना बेटाची."

खारफुटीची मुळं उघडी टाकत
मांडवी मागे सरते.

काल एक मोटारवाला आला होता
आमच्या खाजनाचा भाव विचारत.
इनासनं गळ्यातली टेप काढलीच नाही.
म्हणाला,
"पाणी उतरू दे. मग बघू."