पासंग

कोळिकोडला मी दोन दिवसांसाठी गेले,
सोबत लाकडी पेटी. मखमलीच्या खळग्यांत
पितळेचं सगळं खटलं, आणि शेवटच्या खळग्यात
शेंडेफळ: वीस मिलिग्रॅम,
एक कोपरा मुडपलेला पत्र्याचा कपटा.
चिमट्याशिवाय उचलायचा नाही.
त्याच्यासमोर शिंकायचं नाही.

वलियंगाडीत काम. कागदावर लिहिलेलं:
प्लॅटफॉर्म काटे सात, नाजूक तराजू एक.
लॉरी गल्लीत शिरली की
दुकानं पोट आत घेतात.

इंबिचिकोयांची हिंदी दुबईची,
पठाणांच्या खोलीत शिकलेली, क्रियापदं सगळी पुरुषांची.
"तुम आया, अच्छा किया."
आधी लिंबू पिळलेला काळा चहा. मग काटे.
सहा शहाण्यासारखे वागले. चौथा
पन्नास किलोला साठ ग्रॅम कमी दाखवी.
घेताना वापरता की विकताना? मी विचारलं.
ते म्हणाले, काटा एकच आहे.
मी सरळ केला, शिसं ठोकलं, सही घेतली.

मग मागची खोली,
जिथं मिऱ्यांची ओल तपासतात.
चिमट्यात शेंडेफळ धरलं,
आणि माझा घाम पाहून
वेलायुधनने, मायेनं, पंखा लावला.

गेलं.

पुढचा तास वलियंगाडीच्या त्या टोकाला
एक पोतं हललं नाही.
पाऊणशे किलो डोक्यावर नेणारे निळ्या शर्टातले लोक
गुडघ्यांवर आले, मोबाइलचे दिवे लावून,
श्वास धरून, कारण मी तसं सांगितलं होतं.
अशरफ ओल्या बोटावर एकेक चमक आणून दाखवी.
हे? माशाचं खवलं.
हे? बिडीबंडलाची चांदी.
हे? काहीच नव्हतं, ऊन होतं.
बाहेर मंगळूरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला,
भांडायला आत आला,
आणि काय हरवलंय ते कळल्यावर
लुंगी दुमडून तोही बसला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
राहू द्या, म्हटलं, ऑफिस नवं देईल.
स्टुलाखालून इंबिचिकोया म्हणाले,
आजोबांचं अख्खं जहाज गेलं, सुंठीनं भरलेलं,
इथून निघालं आणि एडनला पोचलंच नाही.
ते कुठं शोधणार?
हे तर खोलीतच आहे.

नाही सापडलं.

संध्याकाळी किनाऱ्यावर
मिठाच्या पाण्यातला आवळा खाल्ला, दात आंबेपर्यंत.
जुन्या धक्क्याचे उरलेसुरले खांब पाण्यात उभे,
प्रत्येकावर एकेक कावळा, तपासनीस आल्यासारखा.
फोनवर साहेब म्हणाले: वीस मिलिग्रॅम?
गहाळ लिहा आणि या.
लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: वारा.
मायेला तिथं जागा पुरली नसती.

दुसऱ्या दिवशी वेलायुधनने पेटी रिक्षात ठेवली,
माझ्याकडे न बघता.
पंखा, म्हणाला. एवढाच शब्द
आम्हा दोघांना समजेल असा त्याला सापडला होता,
फॅन, फॅन, आणि छातीवर हात.

प्रयोगशाळेत पेटी उघडली तेव्हा
शेवटच्या खळग्यात एक मिरी होती.
कोणी ठेवली ते ठाऊक नाही.
तराजूवर घातली: सत्तेचाळीस मिलिग्रॅम.
दुपटीहून जास्त. वजन म्हणून
कवडीच्या कामाची नाही.

नवा कपटा आला आहे, प्रमाणपत्रासकट.
तो पाकिटातच आहे अजून.