बूट काढा

आमगावच्या अलीकडे, घळ सुरू होते तिथं
वनखात्याचा गंजका फलक.
धाकलू बोडकेनं त्यावरचं कन्नड
आम्हाला मराठीत वाचून दाखवलं,
आणि शेवटी पदरचं एक कलम जोडलं:
बूट काढा.

आम्ही हसलो. देऊळ तर कुठं दिसत नव्हतं.
त्यानं काटकी घेतली, माझ्या तळव्याच्या खाचांतून
जांबोटी स्टँडचा चिखल उकरला,
त्यातून काढल्या दोन बिया, कुसळाएवढ्या, काळ्या.
"रानमोडी. ही आत शिरली की नेचा संपला की गा.
घाला आता. एकामागं एक. वाट सोडून पाय नको."

आत उजेड हिरवा, फडक्यातून गाळल्यासारखा.
दोन्ही कडांना नेचेच नेचे,
काही दगडाच्या फटीत, चिमटीत मावतील एवढे,
काही आमच्या डोक्यावर, आपल्याच खोडावर उभे;
कोवळे शेंडे अजून मुठी वळून
आत काय आहे ते न सांगता.
पाणी आधी पायाशी, मग शेजारी,
मग नुसतं ऐकू येणारं.

किल्लेकर मास्तरांनी हात लांबवला,
टिळकवाडीच्या गॅलरीत एक कुंडी रिकामी होती म्हणे.
धाकलू बोलला नाही काही.
एक रुपेरी पान न तोडता वाकवलं,
पोटाकडची बाजू मास्तरांच्या मनगटावर ठेवून
वरून थापटलं.
काळ्यासावळ्या कातडीवर पांढरा नेचा उमटला,
शिरेनं शीर.
"हे न्या. सांजेपर्यंत ऱ्हातंय."
मग आम्ही सगळेच बाह्या सारून रांगेत,
शाळेत लस टोचायला उभी राहतात तशी पोरं.

माझ्या घोट्याला जळू. मी मीठ शोधू लागलो.
"ऱ्हाऊ दे. पोट भरलं की पडतीय आपणच."

परतताना कागद मोजले: अकरा.
आमचे चारच होते.
मास्तरांनी सातही खिशात घातले,
कुणाला शिव्या न देता,
हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

किणयेपर्यंत होता मनगटावर नेचा,
पिरनवाडीच्या गर्दीत घामानं पुसला गेला.
जळवेची तीन रेघांची खूण मात्र
आठवडाभर खाजत राहिली.

म्हणजे घळीत आम्ही टाकून आलो ते
एवढंच, थेंबभर रक्त.
तेवढं चालतं, म्हणाला होता धाकलू.