रंग उतरेपर्यंत

मुनीर म्हणाला, बाई, एकदा गोदामात येऊन जावा,
सात नंबरच्या, मागच्या थप्पीला.
चार आहेत. डोळे उघडलेत, दात आलेत.
आत्ता नेलंत तर माणसाळतील,
अजून महिनाभर थांबलात
तर उंदरांच्याच ओळखीची होतील.

बावीस वर्षं मी त्या पेढीवर पट्ट्या लिहिल्या,
राजापुरी, सेलम, कणी, गड्डा,
हमाली, तोलाई, अडत.
थप्पीमागं जायचं कधी कारण पडलं नव्हतं.

घरून ठरवून गेले होते, काळं नको.
काळी होती आमची शाई,
जी गेल्या मार्गशीर्षात गेली,
आणि जिची वाटी मी अजून
भांड्यांच्या फळीवरून खाली काढलेली नाही.

पण गोदामातली चारही पिवळी.
मिशा पिवळ्या, कानांच्या आतलं पिवळं,
एकाच परातीत कालवून ठेवल्यासारखी.
यातलं काळं कुठलं? मी विचारलं.
मुनीर हसला. आई करडी आहे म्हणतात,
पण तिला धुतलेली कुणी पाहिलीय!

तिघं पोत्यावर चढत होती, सुतळी ओढत होती.
एक तेवढं बाजूला बसून शिंकत होतं.
शिंकायचं, चकित व्हायचं, परत शिंकायचं.
मार्केट यार्डात जन्मून हळद सोसत नाही, म्हणजे
अगदी माझ्यासारखं.
हेच, मी म्हटलं.

मांजर फुकट देत नाहीत, मुनीर म्हणाला,
आणि खांद्यावरचा टॉवेल हातावर पसरला,
पूर्वी हळदीचा भाव ठरायचा तसा,
बोटं कापडाखाली,
वर दोन चेहरे, काही घडतच नसल्यासारखे.
मी हात आत घातला, आयुष्यात पहिल्यांदा.
बायका पट्ट्या लिहितात, सौदे करत नाहीत.
त्यानं एक बोट दाबलं.
एक काय, ते कापडाखाली बोलायचं नसतं.
मी मान हलवली.
चहा, तो टॉवेल झटकत म्हणाला. एक. आलं घालून.

विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर,
श्रीपालनी तीन दिवस आधीच घर उलटंपालटं केलेलं.
बाल्कनीला जाळी, द्राक्षांवर टाकतात ती,
तासगावच्या मेव्हण्याकडून मागून आणलेली.
घमेल्यात वाळू, चाळून.
(ती चाळणी आता स्वयंपाकघरात येणार नाही,
हे मी दारातच सांगितलं.)
फिनेलची बाटली वर, शिवणाचा डबा कपाटात,
वॉशिंग मशीनच्या झाकणावर चिठ्ठी:
'आधी आत बघा.'
एसटीच्या वर्कशॉपात असंच लिहायचे ते,
'आधी हँडब्रेक.'

राहता राहिला खाण्याचा प्रश्न.
आमच्याकडं सूर्यास्तानंतर चूल नाही,
अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही.
दूध-भाकरीवर भागणार नाही, डॉक्टर म्हणाले,
मांजर आहे ते, त्याला व्रत नसतं.
शाई खालच्या कुलकर्ण्यांकडं काय खाऊन यायची
ते आम्ही कधी विचारलं नाही.
आता जाळी लावल्यावर ती सोय गेली.
शेवटी श्रीपालनी दुकानातून पाकीट आणलं
आणि त्यावर बारीक अक्षरात काय छापलंय
ते चष्मा काढून वाचलं.
ठीक आहे, म्हणाले.

पिल्लू मात्र आल्या आल्या
गॅसच्या टाकीमागं गेलं, ते गेलंच.
जुन्या साडीची गादी तशीच. चेंडू तसाच.
फरशीवर पिवळी पावलं, एकाच दिशेची.

रात्री अकराला पाणी प्यायला उठले
तर स्वयंपाकघरात अंधारात श्रीपाल,
दुखऱ्या गुडघ्यांवर, ओणवे,
पुढं शाईची वाटी.
फळीवरून कधी काढली, कुणास ठाऊक.
टाकीमागून चाटल्याचा आवाज,
मधेच एक शिंक.

रस्त्यावरच्या दिव्याचा पट्टा खिडकीतून आत पडला होता
आणि त्यात एक पंजा,
चाटून चाटून स्वच्छ केलेला.
त्याचा रंग मला दिसला, किंवा दिसल्यासारखा वाटला.
श्रीपालनी वर बघितलं. दिवा लावू का?

नको, मी म्हटलं.
खाऊ दे आधी.